एका ग्रामस्थाने सांगितले

त्या वर्षांत आमच्या वावरांत पऱ्हाटीपेक्षा पत्रकार जास्त उगवत होते. कापूस पेरला तर तो जळे, तूर पेरली तर ती झडे, पण पांढऱ्या गाडीतून उतरणारा, खांद्याला पिशवी अडकवलेला माणूस कोरड्या ठणठणीत जमिनीतही तरारून येई. तो यवतमाळहून निघे, कळंबला चिंतामणीच्या पाया पडे, बसस्टँडवर दोन आलुबोंडे खाई आणि दुःख पाहायला आमच्या गावाकडे वळे. आमचं गाव डांबरी रस्त्यावर होतं, हाच त्याचा अपराध. आतल्या गावांत आमच्या दहापट दुःख होतं. पण तिथं गाडी जात नसे, म्हणून ते छापून येत नसे.

माझं कळंबच्या बसस्टँडसमोर टायपिंग, झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान होतं. राहायला मी गावातच. रोज एस.टी.नं जायचो, एस.टी.नं यायचो. बोलण्याच्या बाबतीत सांगायचं तर मी एकदा बसमध्ये बोलायला लागलो आणि कंडक्टर घंटी मारायची विसरला, तर गाडी डायरेक्ट वर्ध्याला जाऊन थांबली. हे खोटं आहे असं म्हणणारे लोक आहेत. ते त्या गाडीत नव्हते.

तर असाच मुंबईचा एक पत्रकार आला. पानटपरीवर बसला. माझ्या आधी तिघांनी त्याला खरं ते सांगितलं. बोंडअळी, बियाणं, भाव. त्यानं मान हलवली, पण पेन काही खिशातून काढलं नाही. हेच त्यानं आधीच्या सहा गावांत ऐकलं असणार. मला गावाचा अपमान वाटला. म्हटलं, आमचं गाव म्हणजे काय उचलून टाकलेलं आहे?

"साहेब," मी म्हणालो, "ते सोडा. आमच्या गावात चार वर्षं झाले, सनई वाजली नाही."

पेन बाहेर आलं.

"म्हणजे?"

"लग्नच नाही ना! कोणी पोरगीच देत नाही. ठेवलेले बाशिंगं उंदरानं खाल्ले. बँडवाल्यानं बाजा विकून बकऱ्या घेतल्या. भटजी मंगलाष्टकं विसरला, त्याला आता फक्त तेराव्याचंच येते."

तो लिहीत गेला. टपरीवरचे लोक चुना मळता मळता खाली पाहत होते. एकाला तर हसू दाबताना ठसका लागला, तो पत्रकाराला क्षय वाटला आणि त्यानं तेही लिहून घेतलं. खरं सांगायचं तर त्याच उन्हाळ्यात मी इतक्या पंगती जेवलो होतो की माझ्या शर्टाचं तिसरं बटन लागत नव्हतं. मी ज्या भिंतीला टेकून बोलत होतो, तिच्यावर गेरूनं नवरा-नवरीचं नाव आणि मांडवाची तिथी लिहिलेली होती. त्यानं माझा फोटो काढला तो त्या भिंतीसमोर उभं करून. सगळी अक्षरं माझ्या पाठीआड गेली.

बातमी आली. फोटो नव्हता, नाव नव्हतं. फक्त एवढं: 'कोणी मुलगी देत नाही, चार वर्षांत गावात एकही विवाह झालेला नाही, असे एका ग्रामस्थाने सांगितले.' एक ग्रामस्थ! मला फार लागलं ते. गाव हसलं. "माह्या पोराचं लग्न मंग का भुतानं लावलं का बे?" असं एकानं विचारलं आणि गोष्ट संपली. आमच्याकडे पेपर वाचून झाला की त्यात भजी बांधतात.

पण माझी गोष्ट संपली नव्हती. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, तो कोणीही लिहू शकतो, असा मला शोध लागला. कोणीही म्हणजे मीसुद्धा! मी लगेच गावाचं पान उघडलं. लिहिलं की, गावच्या विहिरीत गोटा टाकला तर त्याचा आवाज पुढच्या पोळ्याला ऐकू येतो. लिहिलं की, गावात एक पैलवान होता, तो कापसानं भरलेली बंडी दातानं ओढत जिनिंगपर्यंत नेई आणि बैल मागून हात हलवत येत. ज्ञानकोशाला ज्ञान पाहिजे होतं, मी देत होतो.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'संदर्भ हवा' लिहिलेलं. तिसऱ्या दिवशी विहीर बुजली. चौथ्या दिवशी पैलवान मेला. पाचव्या दिवशी पानाच्या माथ्यावर एक लाल चौकट आली, की या गावाचा कुठे छापील उल्लेख सापडत नाही, तेव्हा हे पान काढून टाकावे.

अशी अडचण आली की त्या ज्ञानकोशावर मदतकेंद्र नावाचं एक पान असतं. अडलेल्या माणसानं तिथं प्रश्न लिहायचा, जाणता माणूस खाली उत्तर लिहितो. मला नेहमी एकच जण उत्तर देई. बाई की माणूस, पुण्याचा की परदेशातला, काही कळायला मार्ग नव्हता. मी त्याला साहेब म्हणायचो. त्याची भाषा अशी की इस्त्री केलेल्या धोतरावर बसल्यासारखं वाटे.

'आपल्या गावाचा उल्लेख एखाद्या वृत्तपत्रात आला असल्यास तो संदर्भ म्हणून द्यावा,' त्यानं लिहिलं. 'लेख टिकण्याची शक्यता वाढेल.'

उल्लेख तर होता. एकच होता. मी तो दिला. कसा जोडायचा, कुठला कंस कुठे लावायचा, सगळं साहेबानं शिकवलं. लाल चौकट गेली. गावाचं पान वाचलं. आता त्यात दोनच वाक्यं होती. एक, हे गाव कळंब तालुक्यात आहे. दोन, कापूस संकटाच्या काळात या गावात चार वर्षे एकही विवाह झालेला नाही. मी त्या दिवशी सगळ्या टपरीला चहा पाजला.

आता काकूबद्दल सांगतो. माझी आई मी लहान असताना गेली. भिंतीला भिंत लागून चुलत्याचं घर. चुलताही लवकर गेला. काकूनं तिचा एक आणि मी, असे दोन पोरं वाढवले. तिचा पोरगा यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये फिटर. वय तिशी पार. बोलणं असं की वर्षातून एकदा पोळ्याला आणि तेही बैलाशी. माझा समज आहे की लहानपणी आम्हां दोघांच्या वाट्याला जेवढं बोलणं आलं होतं, तेवढं सगळं मीच खाऊन टाकलं.

त्याला वर्ध्याकडची एक पोरगी सांगून आली. पाहणं झालं. पोरगी हो म्हणाली, आणि आमचा हा गडी त्या दिवशी एस.टी.तून उतरून घरी येताना सायकलवर शीळ घालत होता. त्याला शीळ येते हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मग बैठक ठरली. पोरीला बाप नव्हता, सगळं मामाच्या हातात. मामा एका कॉलेजात क्लार्क. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत प्लॅस्टिकचं फोल्डर.

चहा झाला, पोहे झाले. मामानं चष्मा लावला आणि फोल्डरमधून एक कागद काढला.

"सोयरीक जमली असं आमी मानतो," तो म्हणाला. "पोरगा निर्व्यसनी आहे, कामाचा आहे. पण आमच्या कॉलेजात कंप्युटर आहे. त्याच्यात मी तुमच्या गावाचं नाव टाकलं. तं हे निघालं."

आणि त्यानं ते दुसरं वाक्य वाचलं. मोठ्यानं, नोटीस वाचावी तसं.

काकूच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. "कोन मुडद्यानं लिवलं हे?"

मी पाण्याचा गिलास तोंडाला लावला. त्यात पाणी नव्हतं. तरी मी बराच वेळ पीत राहिलो.

"अवो भाऊ," काकू म्हणाली, "मागच्याच वैशाखात याच आंगनात पंगत बसली. तुमी कोनालेही इचारा."

"बाई, तुमी सांगता ते खरं असन. पण ते तुमच्या आंगनात राह्यते. हे साऱ्या जगात दिसते. उद्या माह्यी भाची कुठी नौकरीले लागली, अन् कोनं सासरच्या गावाचं नाव टाकलं तं का दिसन? ज्या गावात कोनी पोरगी देत नाही, तथी हे गेली. म्हंजे हिच्यातच काही खोट असन."

तेव्हा माझा चुलतभाऊ बोलला. आयुष्यातलं त्याचं सगळ्यात लांब भाषण होतं ते.

"दादाले येते ते. दादा काढून टाकते."

मामा माझ्याकडे वळला. "येते का तुमाले?"

"कंप्युटरचंच तं दुकान आहे माह्यं," मी म्हणालो. "दोन मिनिटाचं काम."

"मंग काढा. आज रविवार. पुढच्या रविवारी मी येतो. ते तथून गेलेलं असलं तं त्याच बैठकीत साक्षगंधाची तारीख काढू. नसलं तं आमाले मोकळं करा. आमाले आनखी दोन जागा आहेत."

तो गेल्यावर काकूनं माझा हात धरला. "काढशीन ना रे बाप्पा?"

सोमवारी सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती लावली आणि ते वाक्य पुसलं. चहा सांगितला. चहा यायच्या आधी वाक्य परत आलं. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं. त्या दिवशी मी ते इतक्या वेळा पुसलं की दगडी पाटीवर लिहिलेलं असतं तर पाटीला भोक पडलं असतं. संध्याकाळी साहेबाचा निरोप: 'संदर्भ असलेला मजकूर विनाकारण वगळणे हा उत्पात समजला जातो. पुन्हा तसे केल्यास आपले खाते गोठवावे लागेल. अडचण असल्यास मदतकेंद्रावर मांडावी.'

मंगळवारी मांडली. लिहिलं की, साहेब, ते वाक्य चूक आहे, गावात लग्नं होतात, मी स्वतः पंगतीला जेवलो आहे.

'आपले जेवण हा संदर्भ होऊ शकत नाही,' साहेबानं लिहिलं.

मी काकूला विचारलं, लग्नाच्या पत्रिका आहेत का? आमच्याकडे पत्रिका कोणी फेकत नाही. तारेला ओवून खुंटीला टांगतात. काकूनं घरोघर फिरून गावभरातल्या तारा गोळा केल्या. हळदीनं पिवळ्या झालेल्या, काही उदईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लेल्या. ओटीत घालून तिनं त्या बसस्टँडपर्यंत आणल्या आणि दुकानाच्या पायरीवर बसून फडक्यानं एकेक पुसून दिली. मी स्कॅन करून चढवल्या. अर्धा दिवस मशीन तापत होतं.

'पत्रिका छापली गेली यावरून विवाह झाला असे सिद्ध होत नाही,' साहेबाचं उत्तर आलं.

यावर काय बोलणार? आमच्याच गल्लीत एकाची पत्रिका छापली होती आणि नवरी मांडवाच्या आदल्या दिवशी ट्रकवाल्याबरोबर गेली होती. साहेबाला हे कसं माहीत, याचा मी बराच विचार केला.

बुधवारी ग्रामसेवकाच्या सहीशिक्क्याचा दाखला. 'अप्रकाशित दस्तऐवज.' गुरुवारी मी त्या पत्रकारालाच फोन लावला. म्हटलं, साहेब, चूक दुरुस्त केल्याचं चार ओळीत छापा.

"कसली चूक?"

"ते लग्नाचं मी जरा वाढवून सांगितलं होतं."

"अहो, मग ते मी कसं छापू? माझी नोकरी जाईल. असं करा, गावात लग्न ठरलं की कळवा. मस्त बातमी होईल."

म्हणजे वाक्य गेल्याशिवाय लग्न नाही आणि लग्न झाल्याशिवाय वाक्य जात नाही. असा फास मी स्वतः वळला होता, आणि मान चुलतभावाची होती.

रोज सकाळी एस.टी.च्या वेळेला काकू थांब्यावर डबा घेऊन उभी. त्या आठवड्यात मी जे खाल्लं ते जावयालाही मिळत नाही.

"गेलं का रे ते?"

"जाऊन राह्यलं, काकू. अर्धं गेलं."

"अर्धं म्हंजे?"

"चार वर्षांतले दोन वर्षं गेले."

ती देवाला हात जोडायची. तिच्या मागे सायकल धरून तो उभा असायचा. काही विचारायचा नाही. नुसता माझ्याकडे पाहून हसायचा, डॉक्टरकडे पाहून हसतात तसा.

शनिवारी दुपारी माझ्यातला सगळा खोटेपणा संपला. हे वाक्य मी तोलून लिहितो आहे, कारण असं माझ्या आयुष्यात एकदाच झालं. आता खरं सांगण्याशिवाय काही उरलं नव्हतं. आणि इथंच माझी फसगत झाली. मला वाटे, मदतकेंद्र म्हणजे तहसीलची खिडकी. माणूस भोकाला तोंड लावून बोलतो, आतला बाबू ऐकतो, मागच्याला कळत नाही. आयुष्यभर आम्ही तशाच खिडक्या पाहिल्या. एका खिडकीत बोललेलं सगळ्या जिल्ह्याला वाचता येतं, हे कोणाच्या डोक्यात येईल?

मी लिहिलं: 'साहेब, तो ग्रामस्थ मीच. पत्रकारानं पेन काढावं म्हणून खोटं बोललो. नंतर पान वाचवायला ते इथं मीच लावलं. आता माझ्या चुलतभावाचं लग्न त्याच्यापायी अडलं आहे. त्याला माहीत नाही, काकूलाही माहीत नाही. हे आपल्या दोघांतच राहू द्या आणि ते वाक्य काढा. हात जोडतो.' खाली गावाचं नाव, माझं नाव, दुकानाचं नाव, सगळं.

साहेब पहिल्यांदाच विरघळला. 'आपल्या प्रामाणिकपणाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. सदर ग्रामस्थ आपणच आहात, यास स्वतंत्र संदर्भ नाही. तथापि, आपल्या निवेदनाने शंका उपस्थित झाली असल्याने ते लेखाच्या चर्चापानावर हलवत आहे, जेणेकरून सर्व वाचकांना त्यावर विचार करता येईल.'

मी धन्यवादापर्यंतच वाचलं. दुकान लवकर बंद केलं आणि घरी येऊन काकूला सांगितलं, "उद्या तारीख काढायची तयारी कर."

रविवारी काकूनं पुरण घातलं होतं. मामा आला. आज फोल्डरमध्ये दोन कागद होते. पहिला त्यानं बाजूला ठेवला. "हे वाक्य तं तथीच आहे," म्हणाला. "पण मी म्हनलं, पानाच्या मांगं का चाललं ते तं पाहू." आणि दुसरा कागद त्यानं वाचायला घेतला.

माझीच अक्षरं. त्याच्या तोंडून ती अशी ऐकू आली, जशी कोर्टात पंचनाम्याची. 'आपल्या दोघांतच राहू द्या' हे त्यानं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

चुलतभाऊ पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभा होता. त्यानं तो तिथंच उंबऱ्यावर ठेवला. मी बोलायला तोंड उघडलं, आणि त्या तोंडात, राजेहो, काही म्हणजे काही नव्हतं.

"गावाबद्दल आमची शंका फिटली," मामा शांतपणे कागद घडी घालत म्हणाला. "गावात लग्न होते, हे आता लेखी आहे. गाव चांगलं आहे. घराचं पाहा लागन."

तेव्हा काकू उठली. तिनं माझ्यासमोरचं पुरणपोळीचं ताट उचललं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"भाऊ," ती मामाला म्हणाली, "हा माह्या घरचा नाही. भिंतीपलीकडचा आहे."

"बाई, भिंत एकच आहे," मामा म्हणाला, आणि चपला घातल्या.

इथं कोणाला वाटेल की गोष्ट संपली. मामा क्लार्क होता; आलेला फेरा तो वाया घालवणारा नव्हता. गाव चांगलं आहे हे कागदोपत्री ठरलंच होतं. त्यानं जाता जाता चौकात दोन माणसांना विचारलं, आणि आमच्या घरापासून चौथ्या घरी, किराणा दुकानवाल्याच्या पोराला भाची द्यायची म्हणून चहा घेतला. पोरीला कोणी विचारलं की नाही, मला माहीत नाही. महिन्याभरात साक्षगंध, त्याच उन्हाळ्यात लग्न. पत्रिका टाइप करायला माझ्याकडे आली. मी केली. एकही चूक राहू दिली नाही.

पत्रकाराला कोणी कळवलं? मीच कळवलं. मामा म्हणाला होता, आता तरी ते वाक्य गेलंच पाहिजे, आणि मला नाही म्हणायचं तोंड नव्हतं. तो गाडी घेऊन आला, सनईवाल्याचा फोटो काढला. 'अखेर त्या गावात सनई वाजली.' साहेबानं दुसऱ्याच दिवशी नवा संदर्भ लावला, जुनं वाक्य काढलं आणि मला लिहिलं: 'आपल्या चिकाटीमुळे लेख अद्ययावत झाला. असेच योगदान देत राहावे.'

आमच्या गावात लग्न कोणाचंही असो, गल्लीतल्या पोरांनी पंगतीत वाढायचं असतं. त्यात रुसवाफुगवा चालत नाही. जो वाढायला येत नाही, त्याच्या घरच्या लग्नात कोणी येत नाही. त्यामुळे माझा चुलतभाऊ आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात बुंदीची बादली. मांडवात नवरी बसली होती, तिच्या समोरून तो दोनदा गेला. बादलीतच पाहत गेला.

मी पंगतीत बसलो होतो. शेजारी मामा. तो खुशीत होता.

"काही म्हना," तो मला म्हणाला, "तुमचे उपकार आहेत बुवा. तुमी ते खरं लिवलं नसतं तं आमी या गावात पायच टाकला नसता."

चुलतभाऊ ओळीनं वाढत आला. मामाच्या पत्रावळीवर दोन मुठी टाकल्या. माझ्यापाशी आला. मी पत्रावळ थोडी पुढं सरकवली. तो थांबला. त्याच्या मागं वरणाचं भगुणं घेतलेला पोरगा होता, त्याच्याकडे वळून तो मोठ्यानं म्हणाला. एवढ्या मोठ्यानं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"दादाले नको वाढू बे. दादाचं पोट बोलूनच भरते."

दोन्ही बाजूची पंगत हसली. मामाही हसला, घास तोंडात असताना. चुलतभाऊ पुढच्या पत्रावळीकडे गेला आणि त्याच्या मागून वरणही गेलं, भाजीही गेली. मी कोरड्या पत्रावळीसमोर बसून राहिलो, कारण पंगत उठेपर्यंत मधून उठायचं नसतं.